चाळीचा गणपती टॉवरमध्ये आला. आता वर्गणी कोणी द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लालबाग-परळ भागातली तुमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला. चाळीतले जुने भाडेकरू आणि विक्रीचे फ्लॅट घेतलेले नवे लोक एकाच सोसायटीत आले. चाळीचा सार्वजनिक गणपती पन्नासहून अधिक वर्षांचा आहे. पहिल्याच वर्षी समितीने प्रत्येक फ्लॅटच्या मेंटेनन्स बिलात ‘उत्सव निधी’ लावला आणि वादाला तोंड फुटले. पैसे द्यायला नकार देणाऱ्यांत मुस्लिम आणि ख्रिश्चन कुटुंबे आहेत, तसेच देवधर्म न मानणारे एक मराठी गृहस्थही आहेत. बौद्ध कुटुंबे विचारतात, गणपतीला निधी आहे तर १४ एप्रिलला का नाही? जुन्यांपैकी काहींना लॉबीत कायमचे मंदिर हवे आहे. तुम्ही सेक्रेटरी, तुमचे वडील मंडळाचे माजी अध्यक्ष, आणि तुमचा मुलगा म्हणतो की हे सगळे आता बंद करा. नियम काय आणि करायचे काय, असे तुम्ही विचारले आहे.

मी सोसायट्यांचे लेखापरीक्षण करते आणि पुनर्विकासानंतर नव्याने नोंदवलेल्या सोसायट्यांच्या समित्यांना कामकाज शिकवते. गिरणगावात हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक नव्या इमारतीत मला विचारला जातो. माझे मत आधीच सांगते. बिलातला उत्सव निधी पुढच्या महिन्यापासून काढून टाका, आणि सोसायटी व मंडळ यांचा कारभार पूर्ण वेगळा करा. दोन समित्या, दोन बँक खाती, दोन हिशेबवह्या. असे केले तर गणपती टिकेल. बिलात ठेवला तर पाच-सात वर्षांत तो एक तर कोर्टात जाईल किंवा आरतीला दहा माणसेही उरणार नाहीत.

नियमाचे आधी बोलू. सोसायटीच्या बिलातल्या बाबी उपविधींनी, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीने, ठरवून दिल्या आहेत. मालमत्ता कर, पाणी, लिफ्ट, सेवाशुल्क, बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का वार्षिक सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम), पाऊण टक्का दुरुस्ती निधी वगैरे. त्याच उपविधींत सोसायटीच्या उद्दिष्टांमध्ये सामाजिक, सांस्कृतिक आणि करमणुकीचे उपक्रम हेही आहे. त्यामुळे १५ ऑगस्टचे झेंडावंदन, मुलांच्या स्पर्धा, ज्येष्ठांसाठी आरोग्य तपासणी यांवर सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या अंदाजपत्रकातून खर्च करण्यात गैर काही नाही. समित्या याच ‘सांस्कृतिक’ शब्दाचा आधार घेऊन पूजेचा खर्च बसवतात. पण सांस्कृतिक कार्यक्रमासाठी खर्च करणे वेगळे, आणि एका धर्माच्या पूजेसाठी प्रत्येक सभासदाकडून सक्तीने पैसे घेणे वेगळे. संविधानाचे कलम २७ सांगते की एखाद्या विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कोणालाही कर द्यायला भाग पाडता येणार नाही. ते सरकारी कराबद्दल आहे, सोसायटीला थेट लागू होत नाही. तरी त्यामागचा विचार सोसायटीने पाळावा असा आहे, कारण सोसायटीचे सभासदत्व हे देवळाच्या सभासदत्वासारखे मनाने घेतलेले नसते. माणूस फ्लॅट घेतो आणि त्याबरोबर सभासद होतो.

आता बिलात निधी लावल्याने प्रत्यक्षात काय घडते ते पाहा. बिलातली रक्कम न भरली की ती थकबाकी होते. थकबाकीवर उपविधींप्रमाणे सरळव्याजाने वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकते. तीन महिन्यांहून अधिक काळ थकली की सभासद थकबाकीदार ठरतो आणि त्याला समितीच्या निवडणुकीला उभे राहता येत नाही. म्हणजे ज्याने केवळ आपल्या श्रद्धेमुळे, किंवा श्रद्धा नसल्यामुळे, दोनशे रुपये दिले नाहीत, त्याचा सोसायटीच्या कारभारातला हक्क तुम्ही काढून घेतलात. परळच्या एका सोसायटीत नेमके हेच झाले. निवृत्त शिक्षक होते, जुन्या चाळीतलेच, बाकी मेंटेनन्स तारखेच्या आत भरणारे. ‘सांस्कृतिक शुल्क’ तेवढे वजा करून चेक द्यायचे. दोन वर्षांनी निवडणुकीत त्यांचा अर्ज थकबाकीदार म्हणून बाद झाला. ते सहकार न्यायालयात गेले. त्यानंतर त्या इमारतीत गणपतीच्या दिवसांत शेजारी शेजाऱ्याच्या दारात प्रसाद घेऊन जाईना. पैशाची रक्कम आठवायलाही कोणी तयार नव्हते, इतकी ती किरकोळ होती.

कायद्याचा मुद्दा इथे संपतो. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे.

चाळीत मंडळ आणि रहिवासी हे एकच होते. ज्याची खोली त्याची वर्गणी, आणि मंडपाच्या बांबूला हात लावणाराही तोच. टॉवरमध्ये हे दोन घोळके वेगळे झाले आहेत. तुमच्या मंडळाच्या जुन्या वर्गणीच्या वह्या काढा आणि आजच्या सभासद रजिस्टरशी ताडून पाहा. जागा पुरेना म्हणून धाकटा भाऊ विरारला गेला, दुसरा बदलापूरला. बहिणी लग्न होऊन ठाण्याला, पुण्याला. कोणी पागडीची खोली विकून गावी घर बांधले. ही सगळी माणसे दरवर्षी गणपतीला येतात, पहिल्या दिवसाची आरती त्यांच्याशिवाय होत नाही, पण सोसायटीच्या दृष्टीने ती कोणीही नाहीत. उलट वरच्या मजल्यांवर फ्लॅट घेतलेली कुटुंबे सोसायटीची पूर्ण हक्काची सभासद आहेत, पण चाळीच्या गणपतीशी त्यांचे नाते अजून जुळायचे आहे. मंडळ सोसायटीच्या आत कोंबले तर विरारच्या भावाला त्यात स्थान राहत नाही आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाला जबरदस्तीने ओढले जाते. दोन्ही बाजूंनी नुकसान मंडळाचेच.

म्हणून मंडळाची घटना नव्याने लिहा. सभासद कोण? इमारतीत राहणारा कोणीही, चाळीत पूर्वी राहिलेला कोणीही, आणि चाळीच्या लेकी. हे शेवटचे मुद्दाम लिहा. वर्गणीच्या वह्यांत खोलीच्या नावाने मुलगेच असायचे, लग्न झालेल्या मुलीचे नाव निघून जायचे. अनेक मंडळांत आज आरतीची तयारी, प्रसाद, हळदीकुंकू, मुलांचे कार्यक्रम हे सगळे बायका करतात आणि कार्यकारिणीत अकरापैकी अकरा पुरुष असतात. हे बदलायची हीच वेळ आहे. आता टॉवरमध्ये नवी कार्यकारिणी करताच आहात, तर निम्मी नावे बायकांची ठेवा. हिशेब चोख राहतील, हे मी लेखापरीक्षक म्हणून अनुभवाने सांगते.

मंडळाचे पैसे मंडळाच्या खात्यात. विश्वस्त व्यवस्था म्हणून नोंदणी नसेल तर उत्सवासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ (क) खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. वरळीला डॉ. ॲनी बेझंट रोडवर धर्मादाय आयुक्त भवन आहे, तुमच्यापासून लांब नाही. पावतीपुस्तक छापा, क्यूआर कोडही मंडळाच्या खात्याचा ठेवा, कोणा कार्यकर्त्याच्या खासगी नंबरचा नको. उत्सव संपल्यावर जमाखर्च तळमजल्याच्या फलकावर लावा. कोणी किती दिले याची यादी मात्र फलकावर लावू नका. चाळीत ती लावत असत, पण तिथे सगळ्यांची परिस्थिती साधारण सारखी होती. इथे एकाच लिफ्टमध्ये कोट्यवधींचा फ्लॅट घेतलेला माणूस आणि मेंटेनन्स कसा भरायचा या काळजीतली आजी शेजारी उभी असते.

या आजीबद्दल थोडे बोलायला हवे, कारण तुमच्या वादाचे अर्धे मूळ तिथे आहे. चाळीत महिन्याचे भाडे नाममात्र होते. टॉवरमध्ये लिफ्ट, पंप, वॉचमन, अग्निशमन यंत्रणा यांचा खर्च आला आणि बिल काही हजारांवर गेले. गिरणी गेली, पेन्शन नाही, मुलगा वेगळा राहतो, अशा घराला प्रत्येक जादा शंभर रुपये जाणवतात. उत्सव निधीला उघड विरोध नव्या लोकांनी केला असेल, पण जुन्यांपैकी किती जण मनातून अस्वस्थ आहेत ते एकदा विचारा. गणपतीला नाही म्हणता येत नाही म्हणून ते गप्प असतात. स्वेच्छेची वर्गणी असली की ही माणसे अकरा रुपये देतात, किंवा पहाटे फुले निवडायला येऊन बसतात, आणि दोन्हीला मंडळात सारखीच किंमत असते. बिलाने ही सोय काढून घेतली.

कोणी म्हणेल, हे सगळे जुन्या चाळीत आपोआप होत होते, आता नियम कशाला? गिरगावातल्या केशवजी नाईक चाळीत १८९३ मध्ये मुंबईतला पहिला सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून चाळ आणि गणपती हे नाते आपण आपलेपणाने सांगत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. पण चाळीतले सहजीवन नेहमीच गोड होते असे म्हणणे बरोबर नाही. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींत सवर्ण आणि दलित यांच्यात दंगल झाली, तीही वर्षानुवर्षे एकाच आवारात राहणाऱ्यांमध्ये. बीडीडीच्या इमारतीत एका मजल्यावर वीस खोल्या, प्रत्येक १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. इतक्या जवळ राहूनही कोणाचा उत्सव चाळीचा आणि कोणाचा उत्सव फक्त ‘त्यांचा’, ही रेघ होती. तुमच्या बौद्ध शेजाऱ्यांनी १४ एप्रिलबद्दल विचारले आहे त्यामागे ही आठवण आहे. तो प्रश्न कुरघोडीचा समजू नका. ज्या परळमध्ये बाबासाहेब बीआयटी चाळीत राहिले, त्या परळमध्ये तो प्रश्न विचारला जाणारच.

त्याचे उत्तर ‘जयंतीलाही निधी देऊ’ हे नव्हे. मग ईदला द्या, नाताळला द्या, पर्युषणाला द्या, आणि दर सभेत कोणाला किती यावर भांडा. सोसायटीने कोणालाच पैसे देऊ नयेत आणि सगळ्यांना एकसारखी सोय द्यावी. तळमजल्याचा हॉल किंवा पोडियमची मोकळी जागा, वीज, पाणी, खुर्च्या. भाडे ठेवायचे तर सगळ्यांना तेच भाडे, माफ करायचे तर सगळ्यांना माफ. वेळेची मर्यादा तीच, स्वच्छतेची अनामत रक्कम तीच. गणपतीला दहा दिवस जागा लागते आणि जयंतीला एक-दोन दिवस, हा फरक राहील. तो गरजेचा फरक आहे, मानाचा नाही, आणि तसे सभेत स्पष्ट बोलून घ्या. जागा मागणाऱ्या गटाने एक लेखी अर्ज द्यावा, जबाबदार दोन सभासदांची सही असावी, बस्स.

तारखा एकमेकांवर येतील तेव्हा काय, असेही तुम्हाला विचारतील. श्वेतांबर जैनांची संवत्सरी भाद्रपद शुद्ध चतुर्थी-पंचमीला, म्हणजे आपल्या गणपतीच्या आगमनालाच येते. त्या दिवशी त्यांच्या घरी उपवास आणि शांतता असते, खाली आपले ढोल. एक फोन, एक भेट, आणि मिरवणुकीचा तास थोडा मागेपुढे करणे एवढ्यावर हे भागते. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला, आली होती. तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम संघटनांनी विसर्जनाची गर्दी ओळखून आपला जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. सबंध शहराला जे जमले ते एका इमारतीला जमायला हरकत नाही. बकरी ईदचा विषय निघालाच तर तो श्रद्धेच्या वादात नेऊ नका. महापालिकेच्या परवानगीशिवाय आवारात कुर्बानी करता येत नाही आणि त्यासाठी देवनारच्या कत्तलखान्यात व्यवस्था आहे. सेक्रेटरी म्हणून तुम्ही एवढेच सांगायचे.

आता लॉबीतले मंदिर. इथे मी ठाम नाही म्हणते. जुन्या चाळीत आधीपासून देऊळ होते आणि पुनर्विकासाच्या मंजूर आराखड्यात त्याची जागा दाखवली आहे, असे असेल तर गोष्ट वेगळी. ते तिथेच राहील आणि त्याची देखभाल मंडळाने करावी. पण नव्याने बांधायचे असेल तर लॉबी हा सामायिक भाग आहे आणि कुठलेही बांधकाम महापालिकेच्या मंजुरीशिवाय करता येत नाही. मोकळ्या मनोरंजन मैदानाच्या जागेलाही तेच लागू. परवानगीपेक्षाही मोठी अडचण पुढची आहे. उत्सवाची मूर्ती येते आणि जाते. वर्षभरात चुकले-माकले ते पुढच्या वर्षी सुधारता येते. कायमची मूर्ती बसली की रोजची पूजा आली, पुजारी आला, त्याचा पगार कोणी द्यायचा हे आले, आणि आत कोणी जायचे, कोणी हात लावायचा, हे जुने सगळे प्रश्न आले. आणि ती कोणाला हलवता येणार नाही. मग बौद्ध कुटुंबांनी विहाराची मागणी केली तर कोणत्या तोंडाने नाही म्हणाल? ज्याला रोज देवासमोर बसायचे आहे त्याचे देवघर त्याच्या घरात आहे, आणि लालबाग-परळमध्ये देवळांना तोटा नाही.

याच संदर्भात एक सूचना, जी मी प्रत्येक टॉवरमध्ये करते आणि जिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. सत्यनारायण असो, साखरपुडा असो की भजन, रेफ्यूज एरिया कार्यक्रमासाठी वापरू नका. मधल्या मजल्यावरची ती मोकळी जागा बघून लोकांना चाळीच्या गॅलरीची आठवण येते, म्हणून चटया पडतात, सामान साठते. ती जागा आगीच्या वेळी लोकांना जमण्यासाठी आहे आणि ती मोकळीच राहिली पाहिजे. पॅसेजमधली चपलांची कपाटे, तुळशीच्या मोठ्या कुंड्या, दारासमोरचे लाकडी मखर हेही जिन्याची वाट अडवणार नाही एवढेच ठेवा. दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निसुरक्षेचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र द्यावे लागते. त्या तपासणीआधी एक फेरी तुम्ही स्वतः मारा. घरात होमहवन करणाऱ्यांना आधी कळवायला सांगा, धुराने यंत्रणा वाजली की सबंध इमारत खाली उतरते.

उत्सवाबद्दल आपण एवढे बोलतो, पण सोसायटीची खरी कसोटी मृत्यूच्या वेळी लागते. चाळीत कोणी गेले की देह गॅलरीत किंवा अंगणात ठेवत, सगळी चाळ जमायची, कोणाला काही विचारावे लागत नसे. टॉवरमध्ये तिसाव्या मजल्यावर माणूस जातो आणि पहिला प्रश्न निघतो तो कोणत्या लिफ्टने न्यायचे. एका इमारतीत वॉचमनने तिरडी मालवाहू लिफ्टमधून न्यायला सांगितले, कारण समितीचे कधीच काही ठरले नव्हते आणि त्याला वाटले तेच बरोबर. त्या घराने ते अजून विसरलेले नाही. तुमच्या सभेत हा विषय आवर्जून घ्या. स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट त्या वेळेपुरती राखून ठेवायची. तळमजल्यावर अंत्यदर्शनासाठी एक जागा ठरवायची, जिथे हिंदू घराची तिरडी, मुस्लिम घराचा जनाजा, ख्रिश्चन घराची शवपेटी सारख्याच मानाने थांबेल. वॉचमनला लेखी सूचना द्यायची. ज्या दिवशी इमारतीत मयत असेल त्या दिवशी हॉलमधला स्पीकर बंद, मग तो कोणाचाही कार्यक्रम असो. वर्गणीवरून हमरीतुमरीवर आलेले लोक या मुद्द्यावर एका मिनिटात एकमत होतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. म्हणून सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय उत्सवाच्या आधी ठेवा. एकदा माणसे एका गोष्टीवर ‘हो’ म्हणाली की पुढचे बोलणे सोपे जाते.

आवाज आणि विसर्जन यांचे नियम तुम्हाला ठाऊक असतील, तरी कागदावर लिहून ठेवा. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेही शांतता क्षेत्र सोडून, आणि परळमध्ये रुग्णालये किती आहेत ते तुम्ही जाणता. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मूर्तीची उंची कमी करा, शाडूची आणा. २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ६ फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करण्याचा आदेश दिला होता. दोन-तीन फुटांची शाडूची मूर्ती आवारातल्या हौदात सगळ्यांच्या डोळ्यांसमोर विसर्जित होते, म्हाताऱ्या माणसांना चौपाटीपर्यंत चालावे लागत नाही. भव्य मूर्ती बघायला शेजारी लालबाग आहेच. इमारतीच्या गणपतीने त्यांच्याशी स्पर्धा करू नये असे मला मनापासून वाटते.

राहिला तुमच्या घरातला प्रश्न. वडिलांना वाटते की बिलातून निधी काढला म्हणजे मंडळाची प्रतिष्ठा गेली. त्यांना मंडळाची सर्वांत जुनी वही घेऊन विचारा की सुरुवातीच्या वर्षांत वर्गणी कशी जमली होती. घरोघर जाऊन, दार ठोठावून, कधी दोन वेळा परत पाठवणी सोसून. त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामाला दिली ते सक्तीने चालले नव्हते, म्हणूनच ते मोठे आहे. हे त्यांना पटेल. कदाचित तुमच्या तोंडून नाही, त्यांच्याच वयाच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याच्या तोंडून पटेल. त्यांना घरी बोलवा.

मुलाचे म्हणणेही झिडकारू नका. तो देव मानत नाही की राजकीय बॅनर, डीजे आणि रात्रीची दादागिरी मानत नाही, हे आधी नीट ऐका. माझ्या पाहण्यातली बहुतेक तरुण मुले दुसऱ्या प्रकारातली असतात. प्रवेशद्वारावर कोणा इच्छुक नगरसेवकाचा फोटो लागला की त्यांचे मन उठते, आणि त्यांचे बरोबर आहे. मंडळाच्या घटनेत एक ओळ घाला: कोणत्याही पक्षाचा किंवा उमेदवाराचा फलक लागणार नाही, जाहिरातीच्या बदल्यात देणगी घेतली जाणार नाही. पैसे कमी पडतील, मंडप साधा होईल, चालेल. आणि तो खरोखरच देव मानत नसेल तर त्याला आरतीला उभे करू नका. त्याच्या आजोबांना चाळीच्या आठवणी सांगायच्या असतात. कोण कुठल्या खोलीत होते, कोणाचे गाव कोणते, संपाच्या काळात, १९८२ नंतर, कोणाच्या घरी चूल कशी पेटली. हे रेकॉर्ड करून ठेवायचे काम त्याला द्या. त्याला श्रद्धेची अट नाही, आणि ते लवकर केले नाही तर करायला कोणी राहणार नाही.

आता कामाचा क्रम. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते आणि गणपती ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतात. म्हणजे सभा ऐन उत्सवात किंवा उत्सवानंतर होते आणि तापलेल्या वातावरणात हा विषय येतो. तसे होऊ देऊ नका. मे-जूनमध्ये विशेष सर्वसाधारण सभा बोलवा. त्यासाठी पूर्ण पाच दिवसांची सूचना पुरते, तरी तुम्ही पंधरा दिवस द्या आणि ठरावाचा मसुदा सूचनेसोबतच वाटा. गणपूर्ती दोन तृतीयांश सभासद किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी ती. तेवढी जमेल, पण या विषयाला फक्त जुन्या रहिवाशांपैकी वीस जण बसलेले चालणार नाहीत. वरच्या मजल्यांवर स्वतः जाऊन बोलावणे करा.

ठरावाचा मसुदा असा ठेवा, शब्द गरजेप्रमाणे बदला: “सोसायटीच्या मासिक बिलात कोणत्याही धार्मिक उत्सवासाठी रक्कम आकारली जाणार नाही. यापूर्वी आकारलेली रक्कम सभासदांच्या पुढील बिलात वळती केली जाईल आणि ती न भरल्यामुळे कोणासही थकबाकीदार धरले जाणार नाही. सोसायटीची सामायिक जागा, वीज व पाणी कोणत्याही सभासद गटाच्या धार्मिक, सामाजिक किंवा कौटुंबिक कार्यक्रमासाठी समान अटींवर उपलब्ध राहील. सामायिक जागेत कोणतेही नवे कायमस्वरूपी धार्मिक बांधकाम केले जाणार नाही. इमारतीत मृत्यू झाल्यास लिफ्ट व तळमजल्यावरील ठरवलेली जागा अंत्यदर्शनासाठी प्राधान्याने दिली जाईल.” ज्यांनी निधी भरला आहे त्यांना आपली रक्कम मंडळाला देणगी म्हणून द्यायची असेल तर तसे एका ओळीचे संमतिपत्र घ्या. बरेच जण देतील.

मंडळाची स्वतःची बैठक त्याच आठवड्यात, पण वेगळ्या दिवशी आणि वेगळ्या अध्यक्षतेखाली घ्या. तुम्ही सोसायटीचे सेक्रेटरी आहात तोवर मंडळात कोणतेही पद घेऊ नका, खजिनदाराचे तर मुळीच नको. विरार-बदलापूरच्या लोकांना त्या बैठकीचे निरोप आजच जाऊ द्या, रविवार धरूनच तारीख ठरवा.